झ्देन्येक, झ्देन्का, झ्देन्केम – माणूस एकच की तिघे? (चेक नावाचं मूळ आणि व्याकरण)

शिरोली_डिस्पॅच

नमस्कार मंडळी. कास्टिंगच्या एक्सपोर्टच्या कागदपत्रांचं काम आहे. चेक रिपब्लिकच्या एका गिऱ्हाइकाची फाइल एका नावावर अडलीय. खरं आडनाव इथं टाकत नाही, 'नोवाक' धरून चला. तिकडं नोवाक म्हणजे आपल्याकडं पाटील, तितकं सर्रास.

मेलखालच्या सहीत 'झ्देन्येक नोवाक' आहे. करारात कंपनीच्या नावापुढं 'झ्देन्केम नोवाकेम' छापलंय. मुखत्यारपत्रात 'झ्देन्का नोवाका'. त्यांच्याच ऑफिसातल्या एका फॉरवर्ड मेलची सुरुवात 'झ्देन्कु' अशी. त्यात भर म्हणजे त्या कंपनीत 'झ्देन्का नोवाकोवा' नावाच्या बाईही आहेत. बँक म्हणते, नाव एकच ठरवून द्या.

विचारायचंय ते असं: माणूस एकच का? मुखत्यारपत्र साहेबांच्या नावानं आहे का बाईंच्या? इन्व्हॉइसवर कुठलं रूप टाकायचं? पत्राची सुरुवात कशी करायची? साहेब कोल्हापूरला येणार आहेत, तर स्वागताच्या फलकावर देवनागरीत काय लिहायचं? आणि नावाचा अर्थ कुणाला माहीत असेल तर तोही सांगा, मालकांना भाषणात घालायचाय.

---

बावड्याचा_दुभाषी

माणूस एकच. मुखत्यारपत्रही साहेबांचंच, बाईंचं नाही. हे नुसत्या पहिल्या नावावरून सांगता येत नाही, पण आडनावावरून पक्कं सांगता येतं.

चेक भाषेत सात विभक्त्या आहेत आणि माणसांची नावं त्यातून सुटत नाहीत. आपण आधुनिक मराठीत 'पीटरने', 'पीटरला' म्हणतो, नावाला धक्का न लावता प्रत्यय चिकटवतो. तिथं नावाचा शेवटच बदलतो, आणि पहिलं नाव व आडनाव दोन्ही एकाच वेळी बदलतात. झ्देन्येकची एकवचनातली रूपं त्यांच्या शाळेतल्या क्रमानं देतो:

पहिली – झ्देन्येक (कर्ता)
दुसरी – झ्देन्का (आपली षष्ठी: झ्देन्येकचा, झ्देन्येककडून)
तिसरी – झ्देन्कोवी किंवा झ्देन्कु (आपली चतुर्थी: झ्देन्येकला)
चौथी – झ्देन्का (कर्म)
पाचवी – झ्देन्कु (संबोधन)
सहावी – झ्देन्कोवी किंवा झ्देन्कु (नेहमी शब्दयोगीबरोबर: झ्देन्येकविषयी)
सातवी – झ्देन्केम (झ्देन्येकने, झ्देन्येकबरोबर)

क्रमांक आपल्यासारखे नाहीत हे लक्षात ठेवा. तिकडचा माणूस फोनवर 'दुसरी विभक्ती' म्हणाला तर त्याला आपली षष्ठी अभिप्रेत असते. दुसरी आणि चौथी सारखीच का, तर व्यंजनात संपणाऱ्या सजीव पुल्लिंगी नामांची कर्माची रूपं एकवचनात षष्ठीसारखी होतात, असा नियमच आहे.

मधला 'ए' कुठं गेला? आपल्या 'माणूस'चं 'माणसाला' होताना ऊ जातो, 'कापूस'चं 'कापसाचा' होतं, तसंच. शेवटच्या 'एक' मधला स्वर पुढं प्रत्यय आला की गळतो. पण झ्देन्येकमध्ये आणखी एक भानगड आहे. चेक स्पेलिंगमध्ये अक्षरं सहा: झेड, डी, ई, एन, हाचेकचा ई, के. हाचेक म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची छोटी टोकदार खूण, इंग्रजी व्हीसारखी. या ई वरचा हाचेक आधीच्या 'न' ला मऊ करतो, म्हणून 'ने' न होता 'न्ये' ऐकू येतं. आता तो ई गळला, तर मऊपणा दाखवायचा कुठं? मग हाचेक उडी मारून एन वर जातो: झेड, डी, ई, हाचेकचा एन, के, ए. म्हणजे गळालेल्या रूपांत खूण दुसऱ्या अक्षरावर दिसली तरी ती टायपिंगची चूक नाही. उलट तिथं साधा एन असेल तर ती चूक.

आता बाईंचं. 'झ्देन्का' हे स्त्रीचं नाव आहे आणि ते पहिल्या विभक्तीतलं आहे. झ्देन्येकची दुसरी-चौथी विभक्तीही अक्षर न अक्षर 'झ्देन्का'च. इथंच सगळे फसतात. पण आडनाव फसवत नाही. बाई असत्या तर:

कर्ता – झ्देन्का नोवाकोवा
षष्ठी – झ्देन्की नोवाकोवे
कर्म – झ्देन्कु नोवाकोवोउ

तुमच्या मुखत्यारपत्रात 'झ्देन्का नोवाका' आहे, आडनावाला 'ओवा' नाही. म्हणजे नोवाक या पुरुषाची दुसरी किंवा चौथी विभक्ती. करारातलं 'झ्देन्केम नोवाकेम' ही सातवी: 'अमुक कंपनी, जिचं प्रतिनिधित्व झ्देन्येक नोवाक यांनी केलं आहे'. चेक करारांत पक्षकारांच्या ओळीत हे रूप नेहमी दिसतं, पण वाक्याच्या रचनेनुसार पहिली विभक्तीही येऊ शकते.

'झ्देन्कु' एकटं दिसलं तर मात्र जपून. ते पुरुषाचं संबोधन असू शकतं, पुरुषाची तिसरी किंवा सहावी असू शकते, आणि बाईंची चौथीही असू शकते. मेलच्या पहिल्या ओळीत स्वल्पविरामाआधी असेल तर संबोधन, म्हणजे पुरुषच. बाईंना हाक मारताना 'झ्देन्को' होतं.

हाच सापळा रादेक–रादका, मिरेक–मिरका या जोड्यांतही आहे. 'रादका' पाहिलं की लगेच 'मॅडम' लिहू नका.

एक पुरवणी: १ जानेवारी २०२२ पासून चेक कायद्यानं कुठल्याही स्त्रीला 'ओवा'शिवाय आडनाव ठेवायची मुभा दिलीय. अशा बाईंचं आडनाव विभक्तीत बदलतच नाही, म्हणजे 'झ्देन्की नोवाक', 'झ्देन्कु नोवाक' असं दिसेल. तुमच्या कागदात 'नोवाका' असं बदललेलं आहे, त्यामुळं इथं ती शंकाही उरत नाही.

---

शिरोली_डिस्पॅच

लई मोठं काम केलंत साहेब. म्हणजे इन्व्हॉइसवर पहिली विभक्तीच टाकायची ना? आणि करारातून नाव उचलायचं असेल तर मूळ रूप परत कसं काढायचं? प्रत्येक वेळी सहीची मेल असेलच असं नाही.

---

बावड्याचा_दुभाषी

हो, पहिलीच. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, कुरिअरचं लेबल, सगळीकडं 'झ्देन्येक नोवाक'. करारातलं 'झ्देन्केम' इंग्रजी कागदात उतरवलं की ते दुसऱ्याच माणसाचं नाव वाटतं आणि बँक डिस्क्रेपन्सी (कागदांतली तफावत) काढते.

मूळ रूप काढताना शेवट तोडून भागत नाही. 'झ्देन्केम' मधून 'एम' काढला तर 'झ्देन्क' उरतं, असं नाव नाही. दोन व्यंजनं शेवटी एकत्र आली आणि दुसरं 'क' असेल तर मधे 'ए' घालून बघा: झ्देन्क–झ्देन्येक, रादक–रादेक, हायक–हायेक. आडनावांतही हेच चालतं. प्रागच्या विमानतळाला २०१२ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष वात्स्लाव हावेल यांचं नाव दिलं, त्याच्या चेक पाटीवर 'वात्स्लावा हावला' असं आहे. तिथं हावेलमधला 'ए' गळालाय. पण हा नियम आंधळेपणानं लावला तर आडनावात घात होतो. 'झेलेन्की' दिसलं तर मूळ 'झेलेन्का', कारण ते आकारान्त पुरुषी आडनाव आहे, त्यात 'एक' नाहीच.

तेव्हा खात्रीचा मार्ग वेगळा. करारात कंपनीच्या नावाशेजारी आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो, त्याला ते 'इचो' म्हणतात. चेक न्याय मंत्रालयाच्या संकेतस्थळावर व्यापार नोंदवही सर्वांना फुकट बघता येते. तिथं इचो टाका, संचालकांचं नाव पहिल्या विभक्तीत, सगळ्या खुणांसह मिळतं. मर्यादित कंपनीत ज्याला सहीचा अधिकार असतो त्याला 'येद्नातेल' म्हणतात, त्या शब्दाखाली बघा. तिथून नाव कॉपी करा आणि मास्टर शीटमध्ये एकदाच भरा.

---

पंचगंगा_घाट

अर्थाचं मी सांगतो.

झ्देन्येक हे मुळात पूर्ण नाव नव्हे, लाडानं तोडलेलं नाव आहे. जुन्या स्लाव लोकांत दोन शब्दांची जोडनावं असत. त्यातलं एक झ्देस्लाव, त्याचंच दुसरं रूप झ्दिस्लाव. पहिला भाग 'करणे, घडवणे' अशा अर्थाच्या जुन्या क्रियापदातला, दुसरा 'स्लाव' म्हणजे कीर्ती. नावाचा पुढचा तुकडा ठेवून त्याला 'एक' हा लघुत्वाचा प्रत्यय लावला की झ्देन्येक. मिरोस्लावचा मिरेक, रादोस्लावचा रादेक, झ्बिह्न्येवचा झ्बिन्येक याच साच्यातले. फरक एवढाच की मिरेक अजून बरंचसं घरगुती वाटतं, झ्देन्येक मात्र मध्ययुगातच स्वतंत्र नाव म्हणून स्थिरावलं. पंधराव्या शतकात झ्देन्येक झे श्टेर्नबेर्का हा मोठा सरदार होता. राजा यिर्झी झ पोद्येब्राद याच्याविरुद्ध १४६५ मध्ये जी कॅथलिक सरदारांची जूट झाली तिचा तो म्होरक्या. त्याच्या आडनावात 'चा' अर्थाची षष्ठी आहे, वरच्या विभक्त्यांच्या चर्चेत ते बसतंय बघा: श्टेर्नबेर्कचा झ्देन्येक.

पुस्तकांत दुसरी एक व्युत्पत्ती सापडेल: लॅटिन 'सिदोनिउस' म्हणजे सिदोन शहराचा. सिदोन म्हणजे आजच्या लेबनॉनमधलं सैदा. लॅटिन कागदांत झ्देन्येकसाठी सिदोनिउस आणि झ्देन्कासाठी सिदोनिया लिहीत, यात वाद नाही. त्याच राजा यिर्झीची मुलगी झ्देन्का (१४४९–१५१०) सॅक्सनीत लग्न होऊन गेली आणि जर्मन इतिहासात ती 'सिदोनी' म्हणूनच ओळखली जाते. पण माझ्या मते हा कारकुनी कारभार आहे. गावठी नावाला लॅटिनमध्ये जवळचं वाटेल ते संताचं नाव लावून द्यायचं, अशी ती रीत. वोयत्येखला आदाल्बेर्त लावलं तसंच. त्या दोन नावांत तर उच्चाराचंही साम्य नाही. झ्देस्लाव, झ्दिस्लावा ही नावं शेजारी जिवंत असताना झ्देन्येकसाठी लेबनॉनपर्यंत जायची गरज नाही. झ्दिस्लावा तर तिथली संत आहे, तेराव्या शतकातली, १९९५ मध्ये संतपद मिळालेली.

मालकांना भाषणात 'कीर्ती घडवणारा' एवढं म्हणता येईल. 'असा अर्थ असलेल्या जुन्या नावाचं हे लाडकं रूप' अशी पुस्ती जोडली तर पाहुणाही मान डोलावेल. नावाचे मानकरी हवे असतील तर संगीतकार झ्देन्येक फिबिख (१८५०–१९००) आणि प्रागैतिहासिक प्राण्यांची चित्रं काढणारे झ्देन्येक बुरियान (१९०५–१९८१) ही दोन नावं पुरे.

---

रंकाळा_तालीम

'स्लाव' म्हणजे कीर्ती, आणि संस्कृतात 'श्रवस्' म्हणजे पण कीर्ती! म्हणजे हे नाव आपल्याकडूनच गेलंय की राव. भाषणात हेच ठोका.

---

पंचगंगा_घाट

ठोकू नका. नातं खरं आहे, 'आपल्याकडून गेलं' हे खरं नाही.

'ऐकणे' अर्थाचा एक आदिम धातू संस्कृतात 'श्रु' झाला आणि स्लाव भाषांत 'स्लु'. ज्याच्याविषयी लोक ऐकतात तो कीर्तिमान, म्हणून एका बाजूला श्रवस्, दुसऱ्या बाजूला स्लावा. मूळ तालव्य 'क' चा संस्कृतात 'श' आणि स्लाव भाषांत 'स' होणं हे नियमानं घडतं, अनेक शब्दांत दिसतं. शब्द संस्कृतातून उसना गेला असता तर असा स्वतंत्र बदल दिसला नसता. झ्देस्लावचा पहिला भागही आपल्या 'धा' (ठेवणे, करणे) या धातूचा चुलतभाऊ आहे.

मालकांना टाळ्याच हव्या असतील तर वात्स्लाव घ्या. त्याचं जुनं रूप 'व्येत्सेस्लाव' धरतात, 'अधिक कीर्तीचा'. आणि महाभारतातला भूरिश्रवा म्हणजे 'पुष्कळ कीर्तीचा'. दोन नावांची बांधणी एकसारखी, दोघांनी ती आपापल्या घरी केली. नाव ठेवायची ही जोडपद्धतच त्या जुन्या भाषाकुळाची आहे, ग्रीकांतही होती.

---

महाद्वार_डीटीपी

खुणांचं बोलतो, कारण निम्मा घोळ तिथंच होतो.

तुमच्या कॉम्प्युटरवर झ्देन्येकच्या मधल्या ई च्या जागी तिरकी रेघ असलेला आय दिसत असेल, तर फाइल विंडोज-१२५० या मध्य युरोपच्या कोडमध्ये सेव्ह झालीय आणि तुमचं मशीन ती १२५२ मध्ये वाचतंय. एका तक्त्यात ज्या क्रमांकावर हाचेकचा ई, दुसऱ्यात त्याच क्रमांकावर तो आय. एन च्या बाबतीत तिरक्या रेघेचा ओ दिसेल. आणि एका अक्षराच्या जागी दोन दिसत असतील, पहिलं दोन टिंबांचं मोठं ए आणि पुढं कोनासारखं अवतरणचिन्ह, तर फाइल यूटीएफ-८ आहे. दोन्हींचा इलाज वेगळा, म्हणून आधी कचरा कसला आहे ते बघा.

सीएसव्ही फाइल डबल-क्लिक करून उघडू नका. एक्सेल रिकामं उघडा, डेटा टॅबमधून टेक्स्ट फाइल आयात करायचा पर्याय घ्या आणि 'फाइल ओरिजिन'च्या यादीत कचऱ्यानुसार ६५००१ (म्हणजे यूटीएफ-८) किंवा १२५० निवडा. खालच्या झलकेत नाव नीट दिसलं की मगच लोड करा. बिघडलेली फाइल एकदा सेव्ह केली की कुठलं अक्षर कुठलं होतं ते परत लावत बसावं लागतं.

वर्डमध्ये अक्षर हातानं घालायचं तर हाचेकच्या ई चा कोड ०११बी. 'झेड-डी-ई-एन' टाइप करून लगेच तो कोड टाइप करा आणि ऑल्ट व एक्स एकत्र दाबा. हाचेकच्या एन चा कोड ०१४८, पण तो 'झेड-डी-ई' च्या मागोमाग टाइप केला तर गंडतं. डी आणि ई ही अक्षरं सोळाच्या अंकगणितात आकडे आहेत, वर्ड त्यांनाही कोडचा भाग समजतं. तिथं फक्त ०१४८ एवढंच माउसनं निवडा आणि मग ऑल्ट-एक्स दाबा. कोड इंग्रजी आकड्यांतच टाइप करायचा, देवनागरी आकडे चालत नाहीत.

एल.सी. (लेटर ऑफ क्रेडिट, बँकेचं पतपत्र) बद्दल: बँकांच्या जुन्या पद्धतीच्या स्विफ्ट संदेशांत खुणांची अक्षरं बसतच नाहीत, साधी इंग्रजी अक्षरंच जातात. म्हणजे तिथं खूण नसलेलं 'झेडडीईएनईके' येणार, ती चूक नव्हे. कागदांवर खुणांसह आणि एल.सी. वर खुणांशिवाय असं दोन्हीकडं असेल तर बँकेला आधीच लेखी कळवून ठेवा, किंवा बँकेत जाणाऱ्या संचावर सरळ खुणांशिवायचं नाव छापा. पण एल.सी. वर 'झेडडीईएनकेए' आलं, तर कुणीतरी विभक्तीचं रूप उचललंय. खुणा उडाल्यावर ते साहेबांचंही वाटतं आणि बाईंचंही. माल निघायच्या आत दुरुस्ती मागा.

एक्सेलमध्ये व्हीलुकअप (नाव शोधून जुळवायचं सूत्र) लावत असाल तर हाचेकचा ई आणि साधा ई ही दोन वेगळी अक्षरं धरली जातात, जुळणी होत नाही. मास्टर शीटमध्ये दोन कॉलम ठेवा, खुणांसह आणि खुणांशिवाय.

---

बावड्याचा_दुभाषी

पत्राचा प्रश्न राहिला होता.

औपचारिक पत्रात पहिलं नाव वापरू नका. 'वाझेनी पाने नोवाकु' आणि स्वल्पविराम. वाझेनी म्हणजे आदरणीय, 'पाने' हे 'पान' म्हणजे श्रीयुत याचं संबोधन. दोन्ही शब्द संबोधनात हवेत. 'पाने नोवाक' असं अर्धवट बोलताना ऐकू येतं, लिखाणात ते गबाळं दिसतं. स्वल्पविरामानंतर पुढची ओळ लहान अक्षरानं सुरू होते, कारण त्यांच्या लेखी ते एकच वाक्य असतं.

सहीत नावाआधी 'इंग' आणि टिंब असेल तर ती पदवी आहे, तांत्रिक किंवा अर्थशास्त्रातली, मास्टरच्या तोडीची. तेव्हा 'वाझेनी पाने इन्झेनिरे' चालतं, जुन्या वळणाच्या माणसाला ते आवडतंही. आपण 'इंजिनियरसाहेब' म्हणतो त्याच चालीचं. ओळख झाली, त्यांनी स्वतः मेलखाली नुसतं 'झ्देन्येक' लिहायला सुरुवात केली, की 'मिली झ्देन्कु'. घरचे आणि मित्र 'झ्देन्दा' म्हणतात, त्याचं संबोधन 'झ्देन्दो'. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

संबोधनाचा ढोबळ नियम, बाकीच्या गिऱ्हाइकांसाठी: शेवटी क, ह, ख असेल तर 'उ' (झ्देन्कु, वोयत्येखु). बाकीच्या कठोर व्यंजनांना 'ए' (वात्स्लावे, 'यान'चं 'याने'), पण व्यंजनापुढच्या 'र' चा 'र्झ' होतो, म्हणून पेत्रचं पेत्र्झे. श, य अशा मऊ व्यंजनांना 'इ' (तोमाशी, ओंद्र्झेयी). आकारान्ताला 'ओ' (यिरका–यिरको). यिर्झी मात्र हाकेतही यिर्झीच.

पाकिटावर पहिली विभक्ती चालते, तीच घाला. पण कधी आभारपत्रात 'अमुक यांना सादर' असं चेकमध्ये छापायची वेळ आली तर 'पानु झ्देन्कु नोवाकोवी'. 'झ्देन्कोवी नोवाकोवी' करू नका. नावांची रांग असली की आधीच्या शब्दांना 'उ' आणि शेवटच्यालाच 'ओवी' लावायची पद्धत आहे. चुकलं तर अर्थ बदलत नाही, पण कानाला खटकतं.

आणखी एक. 'झ्देन्येकचं पत्र' याला 'झ्देन्कूव दोपिस' म्हणतात (शेवटचा व ऐकायला फ सारखा). नाव आणि आडनाव दोन्ही आलं की हा प्रकार बंद, मग 'दोपिस झ्देन्का नोवाका'. पुन्हा तोच 'झ्देन्का'!

---

शिरोली_डिस्पॅच

समजलं. आता यांचाच स्लोवाकियातला एजंट आहे, त्याच्या मेलवर 'झ्देन्को' आहे. हे संबोधन म्हणायचं का? वर तुम्ही बाईंना हाक मारताना 'झ्देन्को' होतं म्हणालात.

---

बावड्याचा_दुभाषी

सहीत संबोधन कशाला येईल? स्लोवाकमध्ये झ्देन्को हेच पुरुषाचं मूळ नाव, पहिली विभक्ती. झ्देनो हेही चालतं. आइस हॉकीतला झ्देनो खारा त्रेन्चीनचाच. तिथं गळणारा 'ए' नाही आणि हाचेकची उडीही नाही, एन साधाच. षष्ठी 'झ्देन्का', तिसरी 'झ्देन्कोवी', आणि सातवी 'झ्देन्कोम'. कागद कुठल्या भाषेतला आहे ते एका नजरेत ओळखायचं तर ही सातवी बघा: शेवटी 'एम' असेल तर चेक, 'ओम' असेल तर स्लोवाक.

झ्देन्का हे बाईचं नाव तिकडंही आहे, त्यामुळं आडनाव तपासायची सवय तिथंही ठेवा. पत्र मात्र सोपं. आजच्या स्लोवाकमध्ये संबोधनाची वेगळी रूपं मोजक्या शब्दांपुरती उरलीत, नावांना लागत नाहीत. 'वाझेनी पान नोवाक' लिहा, स्वल्पविराम द्या, झालं. चेक पत्राची नक्कल करून स्लोवाक माणसाला 'पाने नोवाकु' पाठवलं तर त्याला तुम्ही त्याला चेक समजलात असं वाटणार.

---

महाद्वार_डीटीपी

फलकाचं. 'झ्देन्येक' लिहा. 'झदेनेक' लिहिलंत तर निवेदक 'झ-दे-नेक' असं तीन तुकड्यांत वाचणार. नाव दोन अवयवांचं आहे, झ्दे आणि न्येक. सुरुवातीला 'इ' लावून 'इझ्देनेक' तर नकोच. ड नाही, द. चेकमधला उच्चार आपल्या 'द'च्याच जवळचा आहे. 'झ' आपण झेड, झिंकमध्ये वापरतो तोच. मऊ न साठी खरं तर 'ञ' आहे, पण फलकावर 'झ्देञेक' घातलं तर वाचणाराच अडखळेल.

जोर नेहमी पहिल्या अवयवावर, आडनावातही. नोवाकमध्ये 'नो' वर जोर आणि 'वा' लांब, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवेदकाला हे एकदा म्हणून दाखवा.

फ्लेक्सवाला जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम करत असेल तर झ्द हे जोडाक्षर पाय मोडलेला झ आणि सुटा द असं येतं. प्रूफ मोबाइलवर मागवा आणि ते अक्षर मोठं करून बघा.

---

पंचगंगा_घाट

फलकावर नावाला प्रत्यय लावू नका. 'झ्देन्येकचे स्वागत' किंवा 'झ्देन्काचे स्वागत' असलं काही नको. चेक विभक्ती आणि मराठी प्रत्यय एकत्र आले की 'झ्देन्काला' होतं आणि ते बाईंचं वाटतं. 'श्री. झ्देन्येक नोवाक यांचे करवीरनगरीत स्वागत' असं ठेवा, प्रत्यय 'यांचे' वर जातो.

दौरा जानेवारीत पडत असेल तर एक तारीख टिपून ठेवा. चेक कॅलेंडरमध्ये प्रत्येक दिवसाला एक नाव दिलेलं असतं आणि त्या दिवशी त्या नावाच्या माणसाला शुभेच्छा देतात. झ्देन्येकचा दिवस २३ जानेवारी, म्हणजे आपल्याकडं नेताजी जयंती, विसरायचं कारण नाही. झ्देन्काचा २३ जून. बाईंनाही मेल जाऊ द्या.